शिक्का तीनशेचा

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाच्या काही खोडी निवृत्तीनंतरही जात नाहीत. नोटा मोजताना बोट ओले करणे ही एक आणि दिसेल त्याची नोंद ठेवणे ही दुसरी. माझ्याकडे दुधाच्या हिशेबाची वही आहे, गॅस सिलिंडर कधी लावला त्याची वही आहे आणि लाल कापडी पाठीचे एक जाडजूड रजिस्टरही आहे. त्याच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'संगणक : तापमान'. खाली रकाने आखले आहेत. तारीख, वेळ, खोलीचे तापमान, वेग, चिपचे तापमान, शेरा. पहिली नोंद १० जानेवारी १९९९ ची आहे.

या रजिस्टरात एका ठिकाणी तांबडी रेघ आहे. ती का मारावी लागली, ते आज सांगायचे आहे.

त्या वेळी आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. साताऱ्याच्या ताईचा मुलगा पॉलिटेक्निकच्या शिक्षणासाठी आमच्याकडे होता. ताईचे यजमान लवकर गेलेले, त्यामुळे त्याची फी आणि त्याची काळजी दोन्ही माझ्याकडे होती. दुसऱ्या वर्षी दोन-तीन विषय राहिले आणि त्याचे वर्ष गेले. पॉलिटेक्निकच्या भाषेत त्याला 'वायडी' म्हणत. हे अक्षर मुलाच्या कपाळावर चिकटले की घरातली माणसे त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागतात. मीही तसाच बोलत असे, हे आज कबूल करायला हवे.

मी तेव्हा माझी पहिली कादंबरी लिहीत होतो. हाताने लिहून कंटाळलो होतो. बँकेच्या पतपेढीतून कर्ज काढून घरी संगणक घ्यायचे ठरवले आणि भाच्याला बरोबर घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथे त्याने हट्ट धरला तो एका विशिष्ट चिपचा. इंटेलचा सेलेरॉन ३००-ए.

"अरे, पेंटियम म्हणतात ते घे ना," मी म्हणालो.

"मामा, ही चिप मुळात साडेचारशेचीच आहे. फक्त शिक्का तीनशेचा मारलाय."

"मग कंपनी काय खुळी आहे?"

कंपनी खुळी नव्हती. पण भाचाही चूक नव्हता. सेलेरॉन हे इंटेलचे स्वस्त भावंड. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची 'कॅश', म्हणजे चिपच्या हाताशी असलेली छोटी जलद स्मृती, मुळीच नव्हती. कपाटात सगळा माल, पण ओट्यावर एकही डबा नाही, अशी त्याची अवस्था. लोकांनी नाके मुरडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३००-ए आला, आणि त्यात १२८ किलोबाइट कॅश चिपच्याच पोटात, चिपच्याच वेगाने चालणारी होती. महागड्या पेंटियम-२ मध्ये कॅश ५१२ किलोबाइट होती खरी, पण ती शेजारच्या वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाने चालत असे. अमेरिकेत ३००-ए ची जाहीर किंमत १४९ डॉलर होती आणि त्याच महिन्यात आलेल्या ४५० च्या पेंटियम-२ ची ६६९ डॉलर. डॉलर तेव्हा बेचाळीस रुपयांच्या आसपास होता. जकात वगैरे सोडली तरी एकीकडे सहा हजार आणि दुसरीकडे अठ्ठावीस हजार असा फरक होता.

आता हा शिक्क्याचा प्रकार काय, तो मला भाच्याने समजावला आणि मी तो माझ्या पद्धतीने समजून घेतला. संगणकाच्या बोर्डावर एक ठेका चालू असतो. या चिपसाठी तो ६६ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला सहा कोटी साठ लाख ठोक्यांचा ठरवलेला होता. चिप त्या ठेक्याच्या साडेचारपट वेगाने काम करी. ६६ चे साडेचारपट म्हणजे सुमारे ३००. हा साडेचारचा आकडा कंपनीने चिपमध्ये कुलूपबंद केलेला होता. पण बोर्डाचा ठेका मात्र बदलता येत असे. तो १०० केला की साडेचारपट होतात ४५०. काही लोक त्यासाठी चिपच्या एका टोकावर चिकटपट्टी लावत. आमच्या बोर्डावर तर संगणक सुरू होताना एका यादीतून आकडा निवडायचा, एवढेच काम होते.

राहिला प्रश्न चांगली चिप स्वस्तात का विकली याचा. आंब्याची पेटी फोडून प्रतवारी करतात तशी चिपांचीही करतात. एकाच तबकडीवर शेकडो चिपा बनतात. त्या तपासतात आणि जी ज्या वेगाला टिकेल तो शिक्का तिच्यावर मारतात. पण कारखाना नीट चालू लागला की बहुतेक फळ पहिल्या प्रतीचे निघते, आणि बाजारात गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या प्रतीचे जास्त असते. मग उत्तम फळावरही दोन नंबरची चिठ्ठी लागते. ३००-ए चे तसे झाले होते. त्यातल्या पुष्कळ चिपा ४५० ला आरामात चालत.

त्याखेरीज दुसरे एक कारण होते, आणि ते बँकवाल्याला लगेच कळावे असे होते. शंभर रुपयांच्या मालावर आम्ही पंचाहत्तर रुपयेच उचल देतो. उरलेले पंचवीस म्हणजे मार्जिन. भाव पडला, माल भिजला, उंदरांनी खाल्ला, तर त्यासाठी. चिप बनवणाराही असेच मार्जिन ठेवतो. गिऱ्हाइकाची खोली कशी असेल, पंख्यात किती धूळ बसेल, वीज किती हेलकावेल, हे त्याला ठाऊक नसते. तीनशेचा शिक्का म्हणजे या सगळ्या संकटांतही तीनशे देईन, अशी हमी. वेग वाढवणारा माणूस हे मार्जिन खर्च करतो. म्हणून मग संकटांची जबाबदारी त्याच्याकडे येते.

आणि पहिले संकट म्हणजे उष्णता.

आमच्या चिपला मूळ वेगाला वीसेक वॅट वीज लागे. आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. वेग दीडपट केला की उष्णताही साधारण दीडपट. पण खरा दणका व्होल्टेजचा. वेग सोसत नसेल तर चिपला थोडे जास्त व्होल्टेज देतात. दोनचे २.२ केले तर वाढ दहाच टक्के दिसते, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे एकवीस टक्के. दहा टक्के चक्रवाढीने दोन वर्षांत जितके होतात तितके. दोन्ही धरले तर वीस वॅटची चिप छत्तीस वॅटच्या घरात जाते. अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यावर जवळजवळ चाळीसचा दिवा लावल्यासारखे ते आहे. तापल्यावर चिपच्या आतले सूक्ष्म खटके मंदावतात आणि पुढचा ठोका पडण्याआधी मागचे काम पुरे होत नाही. मग बेरीज चुकते आणि यंत्र गप्प होते.

भाच्याने तपकीर गल्लीतून मोठा पंखा, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा जाड ठोकळा आणि पांढऱ्या पेस्टची नळी आणली. पेस्ट कशाला, तर दोन सपाट दिसणाऱ्या धातूंमध्येही बारीक फटी असतात आणि त्यांत हवा बसते. हवा उष्णता इतकी कमी वाहून नेते की ॲल्युमिनियमशी तिची तुलना केली तर हजारात एक भागही भरत नाही. पेस्टने ती हवा हाकलायची. पहिल्यांदा त्याने भरपूर थापली. सौ. बघत उभी होती. ती म्हणाली, "अरे, पोळीला तूप लावतात तसं लाव, श्रीखंड वाढल्यासारखं काय?" नंतर कळले की मामीचेच बरोबर होते. पेस्ट फटी भरण्यापुरतीच हवी. जाड थर झाला तर तोच अडसर होतो.

सौ.ने हौसेने शिवलेले फुलाफुलांचे आवरण काढून टाकावे लागले. टेबलाच्या बंद खणात ठेवलेला सीपीयू बाहेर आला. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवले गेले. आणि जानेवारीच्या थंडीत आमचे यंत्र ४५० वर धावू लागले. भाचा 'क्वेक' खेळे आणि मी कादंबरी लिही. कादंबरीला ३०० सुद्धा फार होते. पण शेजारच्याच्या अठ्ठावीस हजारांचे काम आपण सहा हजारांत करून घेतो, याचा मध्यमवर्गीय आनंद मलाही होत होता.

रजिस्टर तेव्हा सुरू झाले. बोर्डाच्या संवेदकाचा आकडा आणि भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा मी रोज रात्री लिही. महिन्याभरात त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती मला फार मोलाची वाटते. पंखा आणि ठोकळा चिपला ठरावीक तापमानावर ठेवत नाहीत. ते फक्त खोली आणि चिप यांच्यातला फरक राखतात. ३०० वर तो फरक बारा अंशांचा होता, ४५० वर अठरा अंशांचा. जानेवारीत खोली २० वर होती तेव्हा चिप ३८ वर. मार्चमध्ये खोली ३० झाली, तर चिप ४८. साध्या पंख्याने चिप कधीही खोलीपेक्षा गार होत नाही. भोवतालचे जितके तापेल, तितके तिलाही सोसावेच लागते.

मे महिन्यात गच्चीचा स्लॅब रात्री दहालाही तापलेला असे. खोली ३५. यंत्र अधूनमधून थिजू लागले. भाच्याने जाताजाता व्होल्टेज २.२ केले. फरक बावीस अंशांवर गेला, चिप ५७ वर. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. तोपर्यंत तो परीक्षा आटोपून साताऱ्याला गेला होता.

मी स्वतःच निर्णय घेतला. साडेचारशे नको, इतका वेग झेपत नाही. तीनशेही नको, मग एवढे केले कशाला? यादीत ८३ चा ठेका होता. ८३ चे साडेचारपट म्हणजे ३७५. मी व्होल्टेज खाली आणले आणि ठेका ८३ केला. रजिस्टरात लिहिले, '१६ मे १९९९. ८३ केले. वेग ३७५.' शेऱ्याच्या रकान्यात शब्द लिहिला, 'सुरक्षित', आणि खाली रेघ ओढली.

चिप खरोखरच गार झाली. यंत्र थिजायचे थांबले. पुढच्या रविवारी, २३ मे रोजी सकाळी संगणक सुरू केला तर पडद्यावर आपोआप तपासणी चालू झाली, ती संपेचना. आणि संपली तेव्हा कादंबरीचे नववे ते चौदावे प्रकरण जाग्यावर नव्हते. त्यांच्या जागी अर्थहीन नावांचे तुकडे होते. उघडले तर चौकोन आणि प्रश्नचिन्हे. बँकेत मी रोज संध्याकाळी बॅकअप झाल्याशिवाय कुणाला घरी जाऊ देत नसे. घरी एकाही फ्लॉपीवर प्रत नव्हती.

त्याच दुपारी भाचा ताईला घेऊन साताऱ्याहून आला. त्याने पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मी जे बोललो ते शब्द मला पाठ आहेत. "ज्याला स्वतःचं वर्ष राखता आलं नाही, त्याच्या हातात मी माझं काम दिलं, ही माझीच चूक." ताई दारात पिशवी धरून उभी होती.

तो काही बोलला नाही. यंत्रासमोर बसला, तीन तास खटपट केली, प्रकरणांची दहा-बारा पाने वाचवली, विंडोज पुन्हा घातले आणि वेग ३०० करून ठेवला. जूनमध्ये पॉलिटेक्निक सुरू झाले तेव्हा "मित्रांबरोबर अभ्यास होतो" म्हणून तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला गेला. ताईचे फोन कमी झाले. दिवाळीत भाऊबीजेला ती आली, लवकर निघाली.

सन २००० च्या एप्रिलमध्ये, बँकेच्या वार्षिक हिशेबाची धांदल संपल्यावर, संगणकावरच्या एका मासिकात मी बोर्डाच्या ठेक्याबद्दलचा लेख वाचला. त्यात एक साधी गोष्ट लिहिली होती. हा ठेका फक्त चिपचा नसतो. त्याचाच भाग करून हार्ड डिस्क वगैरेंच्या मार्गाला ३३ मेगाहर्ट्‌झचा ठेका दिला जातो. ६६ असेल तर निम्मा केला की ३३. १०० असेल तर तिसरा हिस्सा केला की ३३. दोन्ही वेळा हिशेब बरोबर जुळतो. पण ८३ निम्मे केले की ४१ च्या वर जातात. तेवढा वेग सर्वच भागांना झेपत नाही, आणि डिस्कवर लिहिताना मजकूर बिघडू शकतो. ४५० चा धाडसी वेग डिस्कच्या दृष्टीने निर्धोक होता. धोका माझ्या सुवर्णमध्यात होता.

मी रजिस्टर काढले. १६ मे. माझेच अक्षर. 'सुरक्षित'.

बदल मी कुणापासून लपवला नव्हता. वेग कमी केला होता, वाढवला नव्हता, त्यामुळे ते सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नव्हते. आणि चूक कुणाची हे मी आधीच ठरवलेले होते. एकदा माणसावर शिक्का मारला की तपासणी करायचे काम उरत नाही.

त्या संध्याकाळी मी सदाशिव पेठेत गेलो. एका खोलीत चार कॉट, दोरीवर कपडे. भाचा एका उघड्या संगणकाचा पंखा ब्रशने झाडत होता. मी रजिस्टर त्याच्यापुढे उघडून ठेवले.

"तुला माहीत होतं?"

"हो मामा. त्याच दिवशी कळलं. मशिन चालू केल्या केल्या ८३ दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ ब्रश झटकत राहिला. "तुम्ही फार तापला होतात. आणि आई समोर होती. ती तुमच्यावर रागावली असती, मग आमची फी..." एवढे बोलून तो थांबला आणि म्हणाला, "चहा घेणार का मामा? खाली चांगला मिळतो."

आम्ही चहा घेतला. पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन साताऱ्याला गेलो आणि ताईला, ज्या शब्दांत बोललो होतो तितक्याच स्पष्ट शब्दांत, झाले ते सांगितले.

त्यानंतर संगणकांच्या जगातही उष्णतेनेच धडा शिकवला. वेगाची शर्यत चालू असताना २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत रद्द केला. नुसता वेग वाढवत गेल्यास वीज आणि उष्णता परवडत नाही, हे सर्वांनाच कळून चुकले होते, आणि एकाच चिपमध्ये दोन-चार गाभे घालून काम वाटून देण्याचा मार्ग आला. २००८ पासून इंटेलच्या चिपा स्वतःच स्वतःचा वेग वाढवू लागल्या. गार असतील तर धावतात, तापल्या की आपणहून पावले मंद करतात. आज काही महागड्या चिपा जोर लावतात तेव्हा अडीचशे वॅट वीज खातात आणि वेग ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेतात. आम्ही चोरून वापरले ते मार्जिन आता कंपनीच पैसे घेऊन विकते. त्यातही हिशेब चुकतो. आपल्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले.

घरच्या माणसाला यातून घेण्यासारखे थोडेच आहे, पण ते उपयोगी आहे. उन्हाळ्यात संगणक मंद झाला की आपण नवा घ्यायचा विचार करतो. बरेचदा तो फक्त तापलेला असतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की त्याची खालची जाळी बुजते. पंख्यावर धुळीचा नमदा साचतो. पेस्ट वाळून खडू होते. लॅपटॉपच्या पोटात तांब्याची चपटी नळी असते. तिच्यातले थोडेसे द्रव चिपपाशी वाफ होते आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा द्रव होते. पाण्याची वाफ होताना माठ गार होतो, तेच तत्त्व. माठ आपण कपाटात बंद करत नाही. संगणकालाही तितकीच मोकळी हवा द्यावी. आणि लिहिलेल्याची प्रत दुसरीकडे ठेवावी. हे सांगण्याचा अधिकार मी नऊ ते चौदा प्रकरणे देऊन मिळवला आहे. ती मी पुन्हा लिहिली. आधीची चांगली होती असे सौ. म्हणते.

भाच्याने डिप्लोमा पुरा केला. आज त्याचे पुण्यात दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. २०२० च्या टाळेबंदीत, मुलांच्या शाळा पडद्यावर भरत होत्या तेव्हा, लोकांनी माळ्यावर टाकलेले जुने संगणक त्याने झाडून-पुसून चालते करून दिले. दर वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास तो ब्रश आणि पेस्टची नळी घेऊन आमच्याकडे येतो. या वर्षीची नोंद अशी आहे. खोली ३४, साफ करण्यापूर्वी चिप ६६, नंतर ५४.

ती तांबडी रेघ मात्र तशीच आहे. बँकेच्या खातेवहीत खाडाखोड चालत नाही, खरवडणे तर मुळीच नाही. चुकलेल्या नोंदीवर मूळ अक्षर वाचता येईल अशी तांबड्या शाईने रेघ मारायची, बरोबर नोंद शेजारी लिहायची आणि सही करायची. एप्रिल २००० मध्ये, सदाशिव पेठेतल्या त्या कॉटवर बसून, मी 'सुरक्षित' या शब्दावर तशी रेघ मारली. शेजारी लिहिले, 'चूक माझी.' खाली सही केली. दुरुस्तीला दुसरी सही लागते, असे मी भाच्याला सांगितले. त्याने हातातला ब्रश बाजूला ठेवला, पँटला हात पुसले आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.